सतरा नंबरचा जामीनदार

पगाराचं पाकीट हातात पडलं आणि वसुलीसाहेबांचं तोंडच उतरलं. तिसरा हिस्सा गायब! ते तरातरा कारकूनबाईंच्या टेबलाशी गेले.

"बाई, माझा पगार कोणी कापला?"

"तुम्हीच," असं म्हणून बाईंनी आदेशाचा कागद पुढे केला. खाली साहेबांचीच झोकदार सही होती.

आता हे घडलं कसं, ते सांगायलाच हवं. पतपेढीची बुडीत कर्जं वसूल करणं हे साहेबांचं काम. त्यांना वशिल्याची भारी चीड. म्हणून त्यांनी एक नियमच करून टाकला होता. कुणावर कुठला मार्ग धरायचा हे ठरवताना नाव बघायचंच नाही. बाईंनी नावावर पुठ्ठ्याची पट्टी ठेवायची आणि साहेबांनी फक्त नंबर बघायचा. चेक परत आला असेल तर फौजदारी, घरदार असेल तर दावा आणि जप्ती, आणि काहीच नसेल तर जामीनदाराला धरायचं.

सतरा नंबरकडे काहीच नव्हतं. दुकान बंद, भाड्याची खोली, जप्त करायला धड खुर्चीसुद्धा नाही. जामीनदाराला मात्र पक्की नोकरी. साहेब खूश झाले होते. "कोर्टात कशाला चपला झिजवायच्या? पगारातून कापा. हा बेटा पळून पळून जाईल कुठे?" आणि त्यांनी एका बैठकीत चाळीस सह्या ठोकल्या.

आता त्यांनी पट्टी उचलली. कर्जदार, धाकटा भाऊ. जामीनदार, ते स्वतः. भावाच्या फोटोफ्रेमच्या दुकानासाठी नऊ वर्षांपूर्वी केलेली सही ते पार विसरून गेले होते.

"अहो बाई, एका शब्दानं सांगायचंत तरी!"

"आले होते सांगायला. नाव घेतलंत तर मेमो देईन, म्हणालात."

साहेबांनी घरी फोन लावला. जामीनदाराची नोटीस केव्हाच आली होती. "तुमच्याच ऑफिसचं पाकीट, मी कशाला फोडू?" बायको म्हणाली. तिने ते नीट कपाटात ठेवलं होतं.

साहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बुडवायला सख्खा भाऊच सापडला होय! ते तडक भावाकडे निघाले. वर्षभर भेट नव्हती. भांडण म्हणाल तर तेही नव्हतं, जायचं राहूनच गेलं होतं.

भावाने दार उघडलं. "ये दादा. तुझी नोटीस मिळाली. भाषा काय कडक आहे रे तुझी!"

"थट्टा पुरे. दुकान कधी बंद केलंस?"

भावाने दोन्ही हात पुढे धरले. बोटं थरथरत होती. "काच कापता येईना. दोनदा गिऱ्हाइकाचे फोटोच फाडून ठेवले. डॉक्टर म्हणतात, हे आता असंच राहणार."

साहेब खाटेवर बसले. राग कुठल्या कुठे गेला. "अरे, मग माझ्याकडे यायचंस ना! मी काय मेलो होतो?"

"आलो होतो की."

"कधी?"

"मार्चमध्ये. तुझ्या ऑफिसात. दोन तास बाकावर बसलो होतो. माझी पाळी आली तेव्हा तुझं पहिलं पत्र पुढे सरकवलं. म्हटलं, दादा वर बघेल, मग बोलू. तू नंबर वाचलास आणि मान खाली घालूनच म्हणालास, सतरा नंबर, शुक्रवारी या." भाऊ हसला. "मागे रांग होती रे. तुझी अडचण कशाला करायची? उठलो."

साहेबांना तो दिवस आठवेना. तसे सगळे दिवस सारखेच होते. कागद यायचे, नंबर यायचे, आणि आपण कुणाचं तोंड बघत नाही याचा त्यांना केवढा अभिमान होता!

"मग शुक्रवारी का नाही आलास?"

"पुन्हा धीर झाला नाही." भावाने थरथरत्या हाताने पाण्याचा पेला पुढे केला. अर्धं पाणी साहेबांच्या पायावर सांडलं. "जाऊ दे. आज शुक्रवारच आहे ना? मी नाही तर नाही, तू आलास."

साहेबांनी वर पाहिलं. धाकट्याची दाढी पार पांढरी झाली होती.