नाथनरावांची कांजी

"गोळ्या बंद! आजपासून माझं पोट निसर्गाच्या ताब्यात!" नाथन वाकरूळकरांनी नाश्त्याच्या टेबलावर जाहीर केलं. त्यांच्या बायकोनं, जोकबेदनं, त्यांच्या पुढचा चहाचा कप उचलला. निसर्गात चहा बसत नाही, हे तिला अनुभवानं ठाऊक होतं.

अनुभव दांडगा होता. गेल्या पावसाळ्यात नाथनरावांना टायफॉईड झाला. ताप गेला, पण जाताना पोटाची सगळी शिस्त घेऊन गेला. कधी कडकडीत संप, तर कधी थेट मोर्चा! मग त्रिफळा झाला, इसबगोल झालं, कोरफडीचा रस झाला. पहाटे कोमट पाणी पिऊन कामोठ्याच्या सेक्टरांतून फेऱ्या झाल्या. त्यातली एक फेरी अर्ध्यावर सोडून त्यांना चक्क अनोळखी माणसाच्या घरात घुसावं लागलं. त्या बिचाऱ्याला वाटलं, जनगणनेवाले आले!

पण आता गंमत राहिली नव्हती. महिनाअखेरीस इस्रायलला जायचं होतं. अवीवला, त्यांच्या मुलाला, तिकडे मुलगी झाली होती आणि आजोबांनी नातीला अजून फोटोतच पाहिलं होतं. नाथनराव रात्रंदिवस येरझाऱ्या घालत होते. विमानात मोर्चा निघाला तर? आणि नेमका तेव्हाच संडासाबाहेर रांग असली तर?

"तुम्हाला जमत नसेल तर मी एकटी जाऊन येते," जोकबेद एकदा सहज म्हणाली. ते त्यांना फार लागलं.

त्यातच पेपरच्या पुरवणीत त्यांना मित्रजंतू भेटले. औषधांनी आतड्यातले चांगले जंतू मरतात. आंबवलेली कांजी प्या, ते परत येतात! बीट, गाजर, मोहरीची पूड, मीठ आणि पाणी. भांड्याच्या तोंडाला फडकं बांधून उन्हात ठेवायचं.

"फडकं?" नाथनराव हसले. "एवढे जंतू पाळायचे आणि दार उघडं ठेवायचं?"

त्यांनी सरबताच्या रिकाम्या बाटल्या गळ्यापर्यंत भरल्या, लाकडी बुचं लावली, वर वरवंट्यानं ठोकून पक्की केली आणि बाटल्या गॅलरीत ग्रिलला लागून ओळीनं उभ्या केल्या.

रविवारी जोकबेद अवीवसाठी पोहे आणि मसाला घ्यायला पनवेलच्या बाजारात गेली. नाथनरावांनी एका बाटलीचं बूच काढायला घेतलं, तर ते आपणहून उडून पंख्याला लागलं! "जंतूंत जोर आहे!" असं म्हणून त्यांनी उपाशीपोटी एक ग्लास घेतला. चव बरी वाटली, म्हणून दुसरा. पेपरात अर्धी वाटी लिहिलं होतं, पण विमान जवळ आलं होतं. म्हणून तिसरा!

पाव तासात ते संडासात होते. धावतच गेले होते.

आणि बाहेर ऊन चढलं.

फट्! फटाक्! गॅलरीतली बुचं एकामागून एक सुटली. लालभडक कांजी फेसाळत ग्रिलमधून खाली आली आणि पहिल्या मजल्यावर भीमाबाईनं वाळत घातलेल्या नवऱ्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर पडली.

"अगो बाय! रगात!" भीमाबाईच्या आवाजानं समोरची बिल्डिंगसुद्धा गॅलरीत आली. "गोल्या झारल्या! वरच्या नाथनशेटला मारला कोनी तरी!"

सोसायटीचे सेक्रेटरी शैलेश सर तळमजल्यावर क्लास घ्यायचे. ते हातात डस्टर घेऊन वर धावले. दार आतून बंद! आणि आतून, लांबून, कण्हण्याचा आवाज.

"अंकल! आत कोण आहे?"

"मीच आहे!"

"अजून कोण?"

"कोणी नाही हो!"

"त्याला धमकी दिलेली हाय," भीमाबाई कुजबुजली. तिची कुजबुज तिसऱ्या मजल्यापर्यंत गेली.

"अंकल, बाहेर या!"

"येता येत नाही!"

"बांधून ठेवलंय का?"

"नाही! बसलोय!"

"कोणी बसवलं?"

आतून एक दीर्घ विव्हळणं आलं आणि पाठोपाठ उत्तर आलं, "कांजीनं!"



"कानजी?" शैलेश सरांचे डोळे विस्फारले. "आपला दुकानवाला कानजीभाई?"

"मना वाटलाच होता!" भीमाबाईला असं काहीच वाटलं नव्हतं, पण ती तयार होती. "सारखा हसत असतो तो!"

चौघं जण खाली गेले आणि कानजीभाईंना गल्ल्यावरून उचलून घेऊन आले. "अरे, हूं तो साखर तोलत होतो!" ते ओरडत होते. "मी फकत मोहरी दिली!"

"कबूल करतोय बघा!" मागून कोणीतरी म्हणालं.

मग सगळ्यांनी मिळून दाराला खांदे लावले. तिसऱ्या धक्क्याला कडी निखळली आणि गर्दी कानजीभाईंसकट हॉलमध्ये आडवी झाली. त्याच वेळी संडासाचं दार उघडून नाथनराव बाहेर आले. कमरेला टॉवेल, चेहरा पांढराफटक. एवढा समाज बघून ते पुन्हा आत जायला वळले, इतक्यात दणक्यानं हॉलकडे कलंडलेली गॅलरीतली शेवटची बाटली सुटली! बूच शैलेश सरांच्या कपाळावर बसलं आणि सगळा हॉल बीटच्या रंगात न्हाऊन निघाला.

 भीमाबाईनं बोटावरचं 'रगात' हुंगलं, चाटलं.

"आंबट हाय," ती म्हणाली.

जोकबेद पिशव्या घेऊन आली तेव्हा पंच पांगत होते. कानजीभाई रडत होते, शैलेश सर कपाळावर बर्फ लावत होते आणि नाथनराव सोफ्यावर टॉवेलमध्ये बसले होते. तिनं पिशव्या ठेवल्या. मऊ भात टाकला, त्यावर ताक घातलं, आणि ताट त्यांच्या हातात दिलं.

चार घास पोटात गेल्यावर त्यांचा आवाज फुटला. "तू एकटीच जा, जोकबेद. माझं हे असं. मी इथंच फोटो बघत बसेन."

"काय एकटी जा?" ती फरशी पुसता पुसता म्हणाली. "तिकीट काढलं तेव्हाच मी तुमच्यासाठी टॉयलेटला चिकटून सीट मागून घेतली आहे."

नाथनरावांचा घास हातातच राहिला. "मग आधी का नाही सांगितलंस?"

"मी रोजच सांगायला येत होते," जोकबेदनं फडकं पिळलं. "पण रोज तुम्ही आतच असायचात!"