जमलं तर या

काशिनाथ वाघचौरे भाजी आणायला निघतात तेव्हा स्कूटर सुरू व्हायला अकरा मिनिटं लागतात. स्कूटर चांगली आहे, पहिल्या किकला सुरू होते. अकरा मिनिटं त्या किकच्या आधीची आहेत.

आधी ते स्कूटरभोवती एक पूर्ण फेरी मारतात, नेहमी डावीकडून सुरुवात करून. टायर अंगठ्याने दाबतात. ब्रेकची तार बोटाने ओढून बघतात. सायलेन्सरच्या तोंडाशी वाकून आत डोकावतात, कारण एकदा तिथे कुंभारमाशीने मातीचं घर बांधलेलं सापडलं होतं. शेवटी टाकीचं झाकण काढून आत एक लाकडी पट्टी बुडवतात. पट्टीवर ब्लेडने खुणा केलेल्या आहेत. ओली खूण उजेडात धरून वाचतात आणि पट्टी पुसून पिशवीत ठेवतात. भाजीवाला चारशे मीटरवर बसतो.

"स्कूटरला पेट्रोलचा काटा आहे ना?" मी इथे राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

"काटा हे मत असतं, पत्रकार," ते म्हणाले. "पट्टी हा पुरावा."

जयपूरच्या बनी पार्कमधल्या या दुमजली घरात ते तळमजल्यावर राहतात, मी वर. मी एका वर्तमानपत्राच्या बातमी कक्षात काम करतो. ते मूळचे संगमनेर तालुक्यातले. वायुदलात तंत्रज्ञ म्हणून नोकरी केली, निवृत्तीनंतर पंधरा वर्षं राजस्थानातल्या एका वैमानिक प्रशिक्षण केंद्रात छोटी विमानं दुरुस्त केली. विमान त्यांनी कधीच चालवलं नाही. तरीही गल्ली त्यांना 'कप्तान साहब' म्हणते.

"भैया, कप्तान नहीं. मैकेनिक," ते भाजीवाल्याला सांगतात.

"जी, कप्तान साहब," भाजीवाला म्हणतो आणि गाजरं तोलतो.

आमची खरी ओळख भांडणाने झाली. शेतात उतरलेल्या एका दोन आसनी विमानाची बातमी आमच्या पानावर होती. वैमानिक सुखरूप होता. शीर्षक माझं होतं: 'तांत्रिक बिघाडामुळे विमान शेतात'. सकाळी सात वाजता वाघचौरे जिना चढून आले. अंक त्यांच्या हातात होता.

"कुठला बिघाड?"

"तांत्रिक."

"तेच विचारतोय. इंजिन? तार? पंप? नाव सांगा ना त्याचं."

अधिकाऱ्यांनी तसं सांगितलं, एवढंच मला माहीत होतं. काही महिन्यांनी चौकशीचा अहवाल आला. टाकीत पेट्रोल नव्हतं. निघताना कुणी टाकी उघडून पाहिली नव्हती, काट्यावर विश्वास ठेवला होता. वाघचौरेंनी तो अहवाल छापून आणला आणि पेट्रोलच्या वाक्याखाली लाल रेघ मारून माझ्या दारातून आत सरकवला. सोबत चिठ्ठी नव्हती. त्या दिवसापासून मी 'तांत्रिक बिघाड' हे शब्द लिहिलेले नाहीत.

असे अहवाल हे त्यांचं वाचन आहे. देशोदेशीच्या छोट्या विमानांच्या अपघातांचे अहवाल ते मिळतील तिथून घेतात, शब्दकोश जवळ ठेवून वाचतात आणि कारणांप्रमाणे फायलींत लावतात. फायलींची नावं मराठीत आहेत. 'पेट्रोल'. 'हवा'. 'वजन'. 'विसर', म्हणजे विमान उभं असताना लावलेली खुंटी किंवा नळीवरचं झाकण न काढता उडालेले लोक. 'दाखवेगिरी', म्हणजे मित्राच्या किंवा मावशीच्या घरावर विमान खाली आणून चक्कर मारणारे.

"मावशी हात करते," ते सांगतात. "हा पण हात करतो. मधे विजेची तार असते. मावशी तार बघत नाही, हा पण बघत नाही."

'बिघाड' नावाचीही एक फाईल आहे. ती सगळ्यांत बारीक आहे, आणि पाहुण्यांना ते ती आधी दाखवतात. सगळ्यांत जाड फाईलवर एकच शब्द आहे: 'घरी'. तिच्यात काय आहे ते मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ते चहा ठेवायला उठले.

या ज्ञानाचा उपयोग गल्लीला होतो, पण गल्लीला तो नको असतो. शेजारच्या माथुर आंटी मे महिन्यात सहा माणसांसह गाडीने खाटूला दर्शनाला निघाल्या, तेव्हा वाघचौरे हाताचा ताणकाटा घेऊन फाटकात उभे राहिले. तापलेली हवा विरळ असते, जयपूरच्या मे महिन्यात विमानाला उडायला जास्त धाव लागते, त्यात वजन जास्त म्हणजे संकट, हे त्यांनी ड्रायव्हरला समजावलं. गाडी उडणार नाही, हे ड्रायव्हरने त्यांना समजावलं. तोवर पिशव्या तोलून झाल्या होत्या.

"आंटीजी, आपका वज़न?"

"क्यों जी?"

"टोटल करना है."

आंटींनी वजन सांगितलं नाही. "ठीक है, मैं अंदाज़ा लगाता हूँ," असं म्हणून वाघचौरेंनी एक आकडा लिहिला. तो आकडा आंटींनी वाचला. पुढे तीन आठवडे त्या घरून आमच्याकडे कढी आली नाही.

त्यांचं दुसरं वैशिष्ट्य लक्षात यायला मला वेळ लागला. ते कुणालाही 'या' म्हणत नाहीत. गणपतीत मला बोलावलं ते असं: "आरती साडेसातला आहे. जमलं तर या. नाही आलात तरी काही अडत नाही." माथुर आंटींना हेच हिंदीत सांगितलं, तेव्हा आंटी म्हणाल्या, "कप्तान साहब, यह न्योता है कि नोटिस?" निघालेल्या माणसाला ते 'लवकर या' म्हणत नाहीत. फोनवर 'वाट बघतोय' म्हणत नाहीत. मुलीलाही नाही.

मुलगी मृणाल. एकुलती एक. मध्य प्रदेशातल्या एका केंद्रात ती मुलांना विमान चालवायला शिकवते. तिची आई चार वर्षांपूर्वी गेली. त्यानंतर मृणालचं येणं कमी झालं आणि मागची दोन वर्षं ती आलीच नव्हती. ती रोज रात्री आठला फोन करते. मी समोर असलो की दोन्ही बाजू ऐकू येतात, कारण वाघचौरे फोन स्पीकरवर ठेवतात. ती विचारते, "बाबा, दिवाळीला येऊ?" ते म्हणतात, "तुझं काम बघ. नाही जमलं तर नको." मग थोडा वेळ दोघं हवामानावर बोलतात.

यंदा संक्रांतीला तिच्या केंद्राचं चार आसनी विमान मोठ्या तपासणीसाठी जयपूरला आणायचं होतं आणि ते आणायचं काम तिने मागून घेतलं. वाघचौरेंनी मला हे तीन वेगवेगळ्या दिवशी सांगितलं. प्रत्येक वेळी शेवट एकच: "जमलं तर."

संक्रांतीच्या सकाळी त्यांनी मला खाली बोलावलं. ओट्यावर गूळपोळ्यांचा ढीग होता. बऱ्याच पोळ्या फुटून गूळ तव्यावर जळला होता. बायकोच्या अक्षरातली कृती भिंतीला चिकटवलेली होती आणि तिच्यावर पेन्सिलने बरोबरच्या खुणा होत्या. दारामागच्या खिळ्याला दुसरं हेल्मेट टांगलेलं होतं. ते नुकतंच पुसलेलं दिसत होतं. बाहेर सगळ्या गच्च्यांवर 'वो काटा!' चालू होतं, पण पतंग दिसत नव्हते. शहरभर दाट धुकं होतं.

"तिकडेही धुकं आहे," ते म्हणाले. "हे विमान डोळ्यांनी बघून चालवायचं. इकडे यायला तीन तास. सूर्य मावळायच्या आत चाकं टेकली पाहिजेत. दोनच्या आत निघाली तर आरामात येईल. दोननंतर नाही."

त्यांच्या घड्याळात साडेदहा वाजले होते. आम्ही बसलो. मी पोळीकडे बघितलं, त्यांनी ती माझ्यापुढे केली नाही. बारा वाजले. एक वाजला. धुकं विरळ झालं आणि पतंग दिसायला लागले. दोन वाजून गेले.

दोन वाजून पंचवीस मिनिटांनी फोन वाजला.

"बाबा! मतलब, इथलं धुकं उठलंय. लगेच निकलते. थोडी घाई केली तर सनसेटच्या आत पोहोचेन. मार्जिन कमी आहे, पण जमेल. तुम्ही जेवायला थांबलाय ना?"

वाघचौरेंनी ओट्याकडे पाहिलं.

"छे. मी कधीच जेवलो," ते म्हणाले. "माथुरांनी बोलावलं होतं. तिथेच आहे आत्ता. गच्चीवर. रात्रीपण इथेच जेवणार आहे. तू आलीस तरी घराला कुलूपच."



"बरं," मृणाल म्हणाली आणि फोन बंद झाला.

हा माणूस खोटं बोलताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. मी विचारलं, "सरळ 'नको येऊस' म्हणायचं ना?"

"तर ती नक्की निघाली असती. आईसारखी आहे." मग ते उठले आणि कपाटातून जाड फाईल आणून माझ्यासमोर ठेवली. "वाचा, वरचा कागद वाचा."

वरच्या अहवालातलं विमान त्यांच्याच केंद्रातलं होतं. सकाळी त्यांनीच तपासून सही केली होती. संध्याकाळी वैमानिक परत निघाला तेव्हा पश्चिमेला धुळीची आंधी दिसत होती, आकाशाला तांबूस भिंत आल्यासारखी. वैमानिक पंखाजवळ उभा राहून घरी फोनवर बोलत होता. वाघचौरे हातभर अंतरावर चाकाखालचा ठोकळा काढत होते.

"घरचे म्हणत होते, आम्ही जेवायला थांबलोय. तो म्हणाला, आलोच अर्ध्या तासात." त्यांनी फाईल बंद केली. "चौकशीला पहिल्यांदा मला बोलावलं. तीन दिवस. मशीन निर्दोष निघालं. एकही खोट नाही. मला बरं वाटायला पाहिजे होतं."

"आणि बाकीचे?" मी फाईलच्या जाडीकडे बघत विचारलं.

"असेच. कुणाचं लग्न, कुणाचा वाढदिवस. कुणाची आई आजारी. अहवालात लिहितात, हवामान. हवामान तर सगळ्यांना दिसत होतं. तरी निघाला, कारण कुणीतरी वाट बघत होतं. वाट बघणारा अहवालात येत नाही."

तेवढ्यात माझा फोन वाजला. मृणाल होती; अडीअडचणीला म्हणून माझा नंबर तिच्याकडे होता.

"काका, बाबा खरंच बाहेर गेलेत?"

वाघचौरे माझ्याकडे बघत होते. माझ्या धंद्यात मिळालेली माहिती दोन ठिकाणी तपासून घेतात, आणि दुसरं ठिकाण मी होतो.

"हो," मी म्हणालो. "सकाळपासून."

"ठीक आहे. मग मी उद्या निघते."

त्यांनी मला दोन पोळ्या बांधून दिल्या. स्वतः दहीभात कालवून खाल्ला. बाकीचा ढीग डब्यात भरून झाकण घट्ट लावलं आणि बाहेर जाऊन स्कूटरच्या टाकीत पट्टी बुडवली, स्कूटर कुठेही जाणार नव्हती तरी.

दुसऱ्या दिवशी आकाश स्वच्छ होतं. दुपारी दीड वाजता फाटकाशी टॅक्सी थांबली. मृणाल उतरली तेव्हा मी फाटकातच होतो.

"नमस्ते काका," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, "माथुर आंटींचं स्टेटस बघितलं नव्हतं का तुम्ही दोघांनी? काल दिवसभर त्या जोधपूरला होत्या. पतंगांचे बारा फोटो."

मी फाटक पूर्ण उघडलं.

"मला वाटायचं, मी आलेलं त्यांना नको असतं. काल मी घाईत उडू नये म्हणून बाबा झूठ बोलले ना, तेव्हा कळलं. एरवी ते कधी झूठ बोलत नाहीत. मग तुम्हाला फोन केला, तर तुम्हीपण बोललात. म्हणून नाही निघाले."

दार उघडलं. वाघचौरे पायऱ्या उतरून आले आणि तिच्यापासून दोन पावलांवर थांबले. मृणालने बॅग खाली ठेवली आणि हात अंगापासून थोडे दूर धरून उभी राहिली. तिला हे सवयीचं असावं. त्यांनी डावीकडून सुरुवात केली. बुटांच्या नाड्या पाहिल्या. खांद्यावरचा पट्टा बोटाने ओढून पाहिला. मागून फिरून समोर आले आणि वाकून तिचे डोळे उजेडात पाहिले.

"झोप?"

"सात तास."

"सकाळी काय खाल्लंस?"

"पोहे."

"निघताना टाकी?"

"पट्टीने बघितली, बाबा."

त्यांनी मान हलवली. बॅग उचलली. पायरीवर एक पाय ठेवून ते थांबले.

"चल आत," ते म्हणाले. "जेवायला थांबलोय."