थंडपेटीचा टाहो

श्रीशारदा सन्मुख असो. शके एकोणीसशे एकवीस, प्रमाथी नाम संवत्सरे, वैशाख मासी भर दुपारी घर निवांत असता वाटी खणकन पडली, आणि सगुणाबाई जाळेदारीण हातचे काम टाकून धावल्या, तो चार वर्षांची मैना ओट्याखाली हसत बसलेली. बाईंनी तिचा पापा घेतला आणि तिला कडेवर घेऊनच दरबारी गेल्या. कारण राज्यातील संगणकांचे जाळे त्याच सांभाळीत, आणि त्याची त्या दिवशी वाटणी होती. जाळे एकच, एक यंत्र ओरडले की सगळ्यांचे कान किटत. मग विसाजीपंत कारभारी, जे परमुलखी तीन दिवस शिकून अवघे शहाणपण बांधून आले होते, त्यांनी फर्माविले, "तारा त्याच राहोत. यंत्रांच्या बोलीवार, म्हणजे प्रोटोकॉलवार, आळ्या पाडा. जुन्या बोलीची एक, नवीची दुसरी. हिचा शब्द तिला ऐकू जाता नये."

बाई म्हणाल्या, "पंत, लसीची थंडपेटी जुनी बोली बोलते. तापली तर पहाऱ्याच्या यंत्रास हाक मारते. त्याला दोन्ही बोली येतात, त्यास दोन्ही आळ्यांत राहू द्या. परवा पोरांना डोस आहेत, माझ्या मैनेलाही."

"दोन बोली बोलतो तो फितूर! घाला नव्या आळीत. आणि बाई, पोर घरी ठेवून येत जा, म्हणजे डोके ठिकाणावर राहील."

सभा खो खो हसली, आणि ज्या मानकऱ्यांस यातले ओ की ठो कळले नव्हते, त्यांनी माना जोराने डोलावल्या. मग बाईंनी हुकमाप्रमाणे आळ्या पाडल्या, पहाऱ्याचे यंत्र नव्या आळीत घातले. दुसरे दिवशी पेटी बिघडली, तापली, आणि जुन्या आळीत हाका मारू लागली. तेथे ऐकणारे कोणी उरलेच नव्हते. तिसरे दिवशी पाहतात तो लस नासलेली, लेकरे घेऊन आलेल्या आया उन्हातून परत गेल्या. नवी लस दोन महिन्यांनी. पंतांनी निवाडा केला की पेटी मुकी निघाली, आणि आपण शालजोडी घेते झाले. बाईंनी पेटीच्या दोनशे चौदा हाकांची नोंद पुढे ठेविली, तेव्हा पंतांचा चष्मा घरी राहिला होता.

एवंच गलबला मिटला, आळ्या निर्मळ झाल्या, पोरे लसीवाचून राहिली, इतके वर्तमान. घरी येऊन बाईंनी हे सर्व मैनेस मांडीवर घेऊन सांगितले. ती म्हणाली, "आई, माझी वाटी पडली तर तू पळत आलीस. पेटी एवढी ओरडली, तेव्हा का नाही गेलीस?"