गोदावरीच्या मुखाशी मधला 'क'

तेलुगू मला उत्तम येते, असं मी त्या दिवसापर्यंत छातीठोकपणे सांगायचो. अहमदपूरच्या मोंढ्यात माझं खताचं दुकान आहे. देगलूरकडची गिऱ्हाईकं आली की मी त्यांच्याशी त्यांच्याच भाषेत बोलतो. म्हणून पुतणी प्रियदर्शनीनं आम्हा दोघांना आंध्रात, गोदावरी समुद्राला मिळते तिथली खाडी बघायला बोलावलं, तेव्हा मी बायकोला सांगून टाकलं, "शिवकांता, तिथं तू फक्त माझ्या मागं राहा."

प्रियदर्शनी त्या खाडीचा अभ्यास करते. होडीत बसल्यावर ती सांगू लागली की इथल्या पाण्यात आणि चिखलात डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पतींचं पीक येतं. त्यावर कोळंबी जगते, मासे जगतात आणि माशांवर पाखरं, माणसं. मी पडलो खतवाला. विचारलं, "मग त्याला खत कोण टाकतं?" ती म्हणाली, थांबा काका, दाखवते.

थांबणं माझ्या स्वभावात नाही. ओहोटी संपत आली होती. होडी चिखलाच्या एका पट्ट्याला टेकली, पुतणी बाटल्या काढण्यात गुंतली आणि मी उठलो. तसा नावाडी म्हणाला, "दिगकंडी." दिगंडी म्हणजे उतरा. किती अदबीचा माणूस, असं मनात म्हणत मी उतरलो आणि गुडघ्यापर्यंत आत गेलो.

आता तो घाईनं म्हणाला, "कदलकंडी, कदलकंडी." कदलंडी म्हणजे हला. मी हललो. लोण्यात सुरी जावी तसा कमरेपर्यंत गेलो.

प्रियदर्शनीनं मागं वळून पाहिलं आणि तिच्या हातची बाटली पडली. तो उतरू नका म्हणाला होता, आता हलू नका म्हणतोय, असं तिनं मला समजावलं. मधला 'क' आला की तेलुगूत 'नका' होतं म्हणे. देगलूरची गिऱ्हाईकं मला हे कधीच बोलली नव्हती.

नावाड्यानं दोरी बांधलेली फळी माझ्याकडं सरकवली आणि म्हणाला, "पडुकोंडी." यावेळी मी हुशार झालो होतो. 'को' ऐकला. म्हणजे काहीतरी करायचं नाही. मी विजेच्या खांबासारखा ताठ उभा राहिलो. तो पुन्हा म्हणाला. मी आणखी ताठ झालो.

"काका, आडवं व्हा म्हणून राहिलाय तो," प्रियदर्शनी ओरडली. "भरती लागली हाय."

पाणी खरंच माझ्याकडं सरकत होतं. शिवकांतानं गळ्यातलं इष्टलिंग मुठीत घट्ट धरलं होतं. आता मात्र मी घाबरलो. फळीवर पालथा पडलो तसा सगळा चिखल तोंडावर उडाला.

नावाडी आणि पुतणी हळूहळू दोरी ओढू लागले. "समोर बघा काका," मला धीर द्यायला प्रियदर्शनी बोलत राहिली. "ती सोनेरी झाक दिसते ना, तेच पीक."

मी पाहिलं. सगळ्या पट्ट्यावर हळदीच्या दुधावर धरावी तशी तलम सोनेरी साय होती आणि उन्हात तिच्यातून बारीक बुडबुडे उठत होते. चिखल श्वास घेत होता. नखाएवढे खेकडे ती साय खुडून खात होते. ना पेरणी, ना नांगर. मी भीती विसरलो.

खत चहूकडून येतं, असं ती सांगत होती. खारफुटीची पानं कुजतात, गाळ स्वतःत धरून ठेवलेलं खत हळूहळू सोडतो, समुद्र भरतीबरोबर थोडं आणतो आणि उरलेलं नदी आणते. पुरात खत भरपूर असतं, पण गढूळ पाण्यात ऊन शिरत नाही. पाणी निवळलं की पीक उसळतं.

"नदी आणते म्हणजे कुठलं?" मी चिखलातूनच विचारलं.

"आपली मन्याड मांजरेला मिळते, मांजरा गोदावरीला. गाळ बराचसा धरणांत अडतो. पण शेतातून विरघळून गेलेलं खत थोडंफार इथवर येत असणार."

माझ्या दुकानातली गोणी, कुणाच्या तरी रानातला पाऊस, आणि इथं हा खेकडा. एवढं लांब आपलं काही जातं, याची मला उभ्या जन्मात कल्पना नव्हती. होडीत ओढून घेतल्यावरही मी त्या पट्ट्याकडंच बघत राहिलो. पाणी चढलं, सोनं झाकलं गेलं. डोळे भरून आले. आपल्याकडची माती म्हणून अंगावरचाच चिमूटभर गाळ बोटावर घेतला आणि भक्तिभावानं कपाळाला लावायला हात वर नेला.

शिवकांतानं मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"अहो," ती म्हणाली, "आधी कपाळ कुठं हाय ते तर सापडू द्या."