लोखंडे घरी पोचतात का

तात्या मोहित्यांना इंग्रजी येत नाही, तरीही मध्य प्रदेशातल्या आमच्या अर्ध्या देवासनं इंग्रजी सिनेमा त्यांच्याच तोंडून पाहिला आहे. तरुणपणी ते इथल्या एका टॉकीजमध्ये गेटकीपर होते. इंग्रजी सिनेमा लागला की मालक त्यांच्या हातात माइक द्यायचे आणि तात्या पडद्याशेजारी उभे राहून सगळं समजावून सांगायचे. एवढ्या मोठ्या आवाजाच्या माणसाला सगळं कळत असणारच, असा मालकांचा हिशेब होता.

ती सवय अजून गेलेली नाही. तात्या आमचे शेजारी. टीव्हीवर मराठी बातम्या लागल्या तरी ते आम्हाला त्या मराठीतून समजावून सांगतात. "मूळ बात ऐका, भिया," अशी सुरुवात होते; भिया म्हणजे आमच्याकडचा भाऊ. माझ्या लग्नात भटजींच्या प्रत्येक मंत्रामागे मूळ बात आली. सप्तपदीच्या पाचव्या पावलाला त्यांनी माझ्या बायकोला सांगितलं, "इथं भटजी म्हणून राहिले, की स्वयंपाक दोघांनी करायचा." ती अजून त्याचा दाखला देते.

पण तात्यांची खरी कीर्ती एकाच सिनेमाची. दुसऱ्या ग्रहावरून एक यंत्रमानव पृथ्वीवर येतो, लोक त्याच्यावर बंदुका रोखतात आणि शेवटी तो आपल्या यानात बसून निघून जातो. त्याचं नाव म्हणजे नुसता एक इंग्रजी आकडा होता. तात्यांनी त्याला लोखंडे केलं. तेव्हापासून अंतराळात जाऊन आलेल्यांत एक तरी मराठी माणूस आहे, अशी देवासच्या एका पिढीची पक्की समजूत आहे. ती खोडून काढणाऱ्याला आमच्या गल्लीत चहा मिळत नाही.

तो सिनेमा दिवाळीत लागला होता. शेवटी यान उडतं तेव्हा लोखंडे बराच वेळ एका सुरात बोलत राहतात. तात्यांनी माइकवरून सांगितलं, "ते म्हणून राहिले, आज भाऊबीज आहे. ताई पाट मांडून बसली असेल. मला निघालंच पाहिजे." बायकांच्या बाजूला रडारड झाली आणि सिनेमा पाच आठवडे चालला. पुढे मी तोच सिनेमा मोबाइलवर, खालची अक्षरं वाचत पाहिला. लोखंडे शेवटी इंधन, अंतर आणि तापमान यांचे आकडे सांगतात. तात्यांना मी हे कधी बोललो नाही.

यंदाच्या दिवाळीत तोच सिनेमा नव्यानं काढलेला आला, तोही हिंदीत. लगेच तात्यांच्या थोरल्या बहिणीचा फोन आला. ताईंना निसरपूरला दिलेलं. जुनं गाव नर्मदेवरच्या धरणाच्या पाण्यात गेलं, त्या आता वरच्या नव्या वसाहतीत राहतात. डोळ्यांना जवळजवळ काही दिसत नाही. फोनवर त्या एवढंच म्हणाल्या, "बाळ, पाहून ये. या खेपेला तरी तो घरी पोचतो का, तेवढं मला सांग."

"पण मागच्या खेपेलाही तो घरीच गेला होता ना?" मी विचारलं. तात्या चपला शोधायला लागले.

पाडव्याच्या दुपारी आम्ही मल्टिप्लेक्सला गेलो. जुन्या टॉकीजचे पाच-सहा प्रेक्षकही काठ्या टेकत आले होते. तात्यांनी हिंदी सिनेमा हिंदीभाषकांना समजावून सांगायला सुरुवात केली. पुढच्या रांगेतल्या एकानं मागे वळून पाहिलं, तेव्हा आमच्यातले एक आजोबा त्याला म्हणाले, "बोलने दो भिया, ये पुराने जानकार हैं." मला उगाचच ताठ बसावंसं वाटलं.

"धमाके झकास आहेत," तात्यांनी निकाल दिला, "पण जुने लोखंडे दारातून वाकून आत यायचे. हा दरवाजा तोडून येऊन राहिला. घरचं वळण नाही."

शेवटी नव्या लोखंड्यानं शहर वाचवलं आणि तो तिथंच चौकात कोसळला. डोळ्यांतले दिवे विझले, यान रिकामंच राहिलं. तात्या बोलायचे थांबले. मी त्यांना कुठलाही सिनेमा गप्प बसून पाहताना पहिल्यांदाच पाहिलं. दिवे लागल्यावर आजोबांनी विचारलं, "तात्या, मूळ बात काय?"

"नापास," तात्या म्हणाले.

दुसऱ्या दिवशी, भाऊबीजेला, मी त्यांना गाडीनं निसरपूरला घेऊन निघालो. धार शहर मागे पडल्यावर ते आपण होऊन बोलले. जुना सिनेमा लागला त्या दिवाळीत सगळे खेळ भरलेले, मालकांनी सुट्टी दिली नाही. इकडे ताई ताट लावून दिवसभर उपाशी बसून राहिली. निरांजनात तिनं दोनदा तूप घातलं. "माझ्या हातात माइक होता, भिया. तिच्यापर्यंत आवाज जाणार नाही, हे माहीत होतं. तरी बोलून टाकलं. पुढे भेटलो तेव्हा तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, मग पोचला का तो? मी म्हटलं, सिनेमा तिथंच संपतो."

त्यानंतर तात्यांची एकही भाऊबीज चुकलेली नाही.

पाट मांडलेलाच होता. ताईंनी बोटांनी चाचपत भावाचं कपाळ शोधलं, कुंकू लावलं आणि नातसुनेनं मनगट धरल्यावर ताट ओवाळलं. ताट खाली ठेवायच्या आधीच त्यांनी विचारलं, "काय रे, पोचला का?"

मी तात्यांकडे पाहिलं. ते पाटावर सरळ होऊन बसले, जणू हातात माइक आहे.

"मूळ बात सांगतो, ताई. पोचला. जरा उशीर झाला, पण बहीण जेवायची थांबली होती."

मला त्या माणसाचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले. ताईंनी आवाजाच्या अंदाजानं माझ्याकडे तोंड वळवलं.

"खरं ना, भिया?"

"खरं," मी म्हणालो. "मीही पाहिला."