चार लेन्स आणि दहा ते बाराचा पहारा

या, असे पुढं सरकून बसा. मागं भिंतीला टेकून ऐकायची ही कथा नव्हे. एका भल्या माणसाची गोष्ट सांगतो. भला म्हणजे अगदी भला, कुणाच्या वाटेला न जाणारा. आणि हातून जे झालं तेही भलं करायच्या नादातच झालं. मन लावून ऐका, शेवटी तुमच्याकडं एक मागणं आहे. दक्षिणा नव्हे, घाबरू नका.

हिंजवडीजवळ, माणच्या अंगाला एक वाडी आहे. तिथल्या मारुतीच्या देवळात दर साल अखंड हरिनाम सप्ताह बसतो. सात दिवस वीणा जमिनीला टेकत नाही. एकाच्या गळ्यातून उतरली की दुसऱ्याच्या गळ्यात. दोन-दोन तासांचे पहारे, आणि पहाऱ्यांची यादी देवळाच्या भिंतीला चिकटवलेली. आयटी पार्कनं वाडीची भातखाचरं नेली, शेतकऱ्यांचे घरमालक झाले, भाडेकरू आले, कंपनीच्या कॅब आल्या. पण वीणा टेकली नाही.

ती न टेकण्यात मोठा वाटा कुशाबांचा. वय ब्याऐंशी. चाळीस वर्षं काल्याच्या कीर्तनाचा, म्हणजे शेवटच्या दिवशीचा दहा ते बाराचा पहारा त्यांचाच. वीणेकरी उभा राहतो कीर्तनकाराच्या पाठीमागं. त्यामुळं चाळीस वर्षांत एवढे नामांकित महाराज वाडीत येऊन गेले, कुशाबांना ते सगळे पाठीकडून तोंडपाठ होते. यंदा त्यांनी समितीपुढं हात जोडले.

"मला आटाचा पहारा द्या, धाला मोकळं करा. यकदा म्होरं बसून ऐकायचंय. महाराजांचं त्वांड कसं आसतं कीर्तनात, ते काय म्या बगितल्यालं न्हाई."

समितीचे अध्यक्ष जनार्दनतात्या यांनी विषय रीतसर पटलावर घेतला आणि दहा ते बाराचा पहारा वाडीतल्याच प्रदीप नावाच्या एका घरमालकाला लावला. त्याच बैठकीत, ठराव क्रमांक चार अन्वये, सप्ताहाचा अधिकृत छायाचित्रकार म्हणूनही प्रदीपचीच नेमणूक झाली. दोन्ही ठराव एकमतानं मंजूर झाले. एका माणसाला दोनच हात असतात, हा मुद्दा विषयपत्रिकेवर नव्हता.

छायाचित्रकार नेमायचं कारण असं, की गेल्या साली मोबाईलवर काढलेले फोटो फ्लेक्सवर मोठे केले तेव्हा महाराजांना चेहरा उरला नाही आणि मारुतीरायाला दोन नाकं आली. तात्या म्हणाले, "औंदा चांगला क्यामेरा पायजे." प्रदीपच्या भाड्यानं दिलेल्या अठरा खोल्यांपैकी सात नंबरमध्ये शेखर नावाचा सॉफ्टवेअर इंजिनिअर राहतो. त्याच्याकडं तीन कॅमेरे. प्रदीप त्याला सहज विचारायला गेला, "कुठला घेऊ?"

शेखरनं दार लावून घेतलं. कानात मंत्र द्यावा तशा आवाजात म्हणाला, "दादा, कॅमेरा महत्त्वाचा नाही. बॉडी येते नि जाते. लेन्स राहते."

प्रदीपला हे एकदम पटलं. शरीर नाशवंत आहे हे तो लहानपणापासून कीर्तनात ऐकत आला होता.

मग शेखरनं त्याला हिंजवडीतल्या छायाचित्रप्रेमी मंडळात नेलं. मंडळ दर रविवारी एका कॅन्टीनमध्ये जमे आणि चार-चार तास बसे. तिथं फोटो कुणी दाखवत नसे. दाखवलाच, तर तो नवखा समजला जाई. मंडळात पंथ दोन. एकाच अंतराची, न सरकणारी लेन्स वापरणारे ते प्राईमवाले. लांबचं जवळ ओढणारे ते झूमवाले. दोघं वेगळ्या टेबलावर चहा घेत. प्रदीपनं सगुण-निर्गुणाचा वाद जन्मभर ऐकला होता, पण त्यात कुणी कुणाबरोबरचा चहा सोडल्याचं त्याच्या ऐकिवात नव्हतं.

सहा महिने अभ्यास चालला. शेखरचे कॅमेरे मागून आणून, पाण्याच्या टाकीवर चढून त्यानं समोरच्या टॉवरच्या विटा टिपल्या आणि कोपऱ्यातली वीट मधल्या विटेइतकी स्पष्ट येते का, हे रात्रंदिवस तपासलं. बायको तृप्ती म्हणाली, "लगीन ठरवताना माझा फोटू यकदाच बगितलात. विटंचे चारशे झाले."

"विटंत दोष कळतो गं."

"माझ्यात कळला न्हाई तो?"

"तेवा माज्याकडं लेन्स न्हवती," प्रदीप खरं तेच बोलला आणि दोन दिवस त्याचं जेवण कॅन्टीनमध्ये झालं.

अखेर कॅमेरा ठरला. लेन्सचं घोडं मात्र वरिष्ठ पातळीवर अडलं. शेखरचं मत, पंच्याऐंशी मिलिमीटरची घ्यावी. माणूस स्पष्ट आणि मागचं सगळं धूसर. तात्यांनी नमुना पाहिला आणि हरकत नोंदवली.

"मागचं धूसर म्हंजे? मागं मान्यवर बसत्यात. सरपंच धूसर, चेरमन धूसर. आसला फोटू लावला तर गावात ऱ्हायचं का न्हाई आमी?"

म्हणून मान्यवरांसाठी एक रुंद लेन्स. महाराजांचे हावभाव लांबून टिपायला एक झूम. आणि एक मधली, कारण मंडळाच्या मते मधली नसेल तर माणूस अर्धवट राहतो. अशा झाल्या चार.

काल्याचा दिवस उजाडला. आठ वाजता कुशाबांनी वीणा गळ्यात घेतली. पुढच्या रांगेत त्यांची सून गोजराबाई हिनं घडी घातलेलं घोंगडं टाकून जागा धरली होती. दहाला पाच कमी असताना कुशाबांनी मान उंच करून पाहिलं. प्रदीप समोरच होता, गुडघ्यावर बसलेला, डोळ्याला कॅमेरा.

"परदीपा, घे रं बाबा."

"घेतो आबा. पाचच मिन्टं. महाराज उभे राहताना एक घेतो."

महाराज उभे राहिले. ते झूममध्ये आले, पण मान्यवर राहिले. लेन्स बदलायची तर मंडपात बुक्का उधळलेला. आतल्या काचेवर कण बसला तर तो प्रत्येक फोटोत येतो, असं मंडळात दोन रविवार शिकवलं होतं. म्हणून प्रदीप गर्दीतून वाट काढत आवारातल्या गाडीत गेला, काचा वर केल्या, लेन्स बदलली, परत आला. वीस मिनिटं गेली. मान्यवर झाले. आता महाराजांनी गौळणींचा प्रसंग सुरू केला होता. त्याला रुंद लेन्स चालत नाही. परत गाडी.

साडेदहाला कुशाबांनी वजन डाव्या पायावर घेतलं. पावणेअकराला उजव्या. गोजराबाई उठून तात्यांकडं गेली.

"तात्या, मामंजींच्या पायाला कापरं भरलंय. दुसऱ्या कुणाला तरी द्या की वीणा."

तात्यांनी यादी काढली, चष्मा लावला. "पहारा परदीपचा हाय. तो गैरहजर आसता तर बदली दिली आसती. तो हजर हाय."

"कुटं हजर? गाडीत बसलाय!"

"गाडी कुटं हाय? आवारात. आवार कुणाचं? देवळाचं. म्हंजे हजर."

तृप्ती पदर खोचून पुढं झाली. "मग मी घेते. नवऱ्याचा पहारा बायकूनं केला तर चालंल का न्हाई?"

"चालंल की. बायकांचा पहारा दोपारी बारा ते चार. बाराला या."

"बाराला तर सप्ता उठतुया!"

"ते यादी करताना ध्येनात आलं न्हाई," तात्यांनी मोकळ्या मनानं कबूल केलं. "फुडल्या साली दुरुस्ती करू."

दोघी गर्दीतून वाट काढत गाडीपाशी पोचेपर्यंत प्रदीप तिथून पंच्याऐंशीची चढवून परतला होता. अकरा चाळीस. महाराज सांगत होते, देवानं सगळ्या सवंगड्यांच्या शिदोऱ्या एकत्र कशा केल्या. मंडपातले दोन-तीनशे हात मोबाईल धरून वर झाले होते. प्रदीपनं कॅमेरा फिरवला आणि त्याला कुशाबा दिसले. महाराजांच्या खांद्यामागून मान पुढं काढलेली, ओठ किंचित उघडे, डोळ्यांत पाणी, आणि ते डोळे थेट त्याच्याकडं लागलेले. कॅमेऱ्यानं आपण होऊन डोळ्यावर हिरवी चौकट धरली. मागचं सगळं धूसर झालं. सहा महिने विटा टिपल्या त्या या एका क्षणासाठी, असं प्रदीपला वाटलं, आणि त्यानं बटण दाबलं.

मग हंडी फुटली, काल्याचा प्रसाद वाटला गेला, आणि वीणा उतरली ती कुशाबांच्याच गळ्यातून. यादीवर तात्यांनी 'दहा ते बारा, प्रदीप' यापुढं बरोबरची खूण केली. पुढच्या रांगेतल्या घोंगड्यावर कुणाची तरी कॅमेऱ्याची पिशवी ठेवलेली होती. ती कुणाची ते सांगत नाही.

दोन महिन्यांनी मंडळाचं प्रदर्शन भरलं. प्रदीपच्या फोटोला पहिला क्रमांक. प्राईमवाले आणि झूमवाले पहिल्यांदाच एका टेबलावर आले. परीक्षकबाईंचा आवाज भरून आला होता. "या डोळ्यांतली ओढ बघा. भगवंताची अशी वाट बघणं आपल्याला आता जमतच नाही."

कुशाबांनाही मुद्दाम आणलं होतं. पुढच्या खुर्चीत बसवलं होतं. पाय अजून सुजलेलेच. शेखरनं माईक त्यांच्यासमोर धरला. "बाबा, त्या क्षणी काय वाटत होतं तुम्हाला?"

कुशाबांनी फोटोकडं पाहिलं. "वाट बगत हुतो, हे खरं हाय."

"कुणाची, बाबा?"

"ह्याची." त्यांनी प्रदीपकडं बोट केलं. "धा वाजल्यापास्नं. मला वाटलं, आता ह्यो येतुया. ह्यो फोटू काडीत हुता व्हय!"

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. कलावंतात देव पाहणारी ही दृष्टी, असं परीक्षकबाई म्हणाल्या आणि त्यांनी डोळे टिपले. प्रदीपनं मात्र फोटोकडं पाहिलं. भिंतीएवढा मोठा डोळा. त्यात बारीक, अगदी स्पष्ट, तो स्वतः दिसत होता. गुडघ्यावर बसलेला, तोंडाच्या जागी लेन्स. कोपऱ्यातल्या विटेइतकाच स्वच्छ.

"बाबा, आता प्रमाणपत्र हातात धरून उभे राहता का? दोनच मिनिटं," शेखर म्हणाला.

कुशाबा उठले. काचेची जड चौकट त्यांच्या हातात दिली. चौकट खाली झुकायला लागली. प्रदीप पुढं धावला. या खेपेला खरंच घ्यायला धावला.

"दादा, बाजूला! फ्रेममध्ये येतोयस," शेखर ओरडला.

आणि प्रदीप बाजूला झाला.

इतकीच गोष्ट. आता देवाला स्मरून सांगा, ऐकताना तुमच्या मनात आलंच की नाही, कॅमेरा नक्की कुठल्या कंपनीचा होता? निदान ती पंच्याऐंशीची केवढ्याला पडली? तिघांनी तर मला मध्येच खुणेनं विचारलं. कुशाबांचे पाय आता कसे आहेत, हे अजून कुणी विचारलेलं नाही.

माझं मागणं एवढंच. कुठल्याही मंडपात, कुठल्याही घरात, तुमचा हात खिशातल्या मोबाईलकडं जाईल, तेव्हा बाबांनो, क्षणभर कुशाबांची आठवण करा. त्यांनी यंदाही महाराजांचं तोंड पाहिलेलं नाही.