सगळ्या पत्त्यांचं एकमत

इल्वाची गोटलंड बेटावर जाणारी बोट पाचला सुटणार होती. धक्क्यावर नवरा मुलं आणि कुत्रा घेऊन ताटकळत होता, आणि इकडे ऑफिसात तिचं काम तपासणाऱ्या सिक्स्टनला तिच्या कोडमधली एक तिरकी रेघ खटकत होती. त्याने 'मंजूर' म्हटल्याशिवाय इल्वाची जुलैची सुट्टी सुरू होणार नव्हती.

काम तसं साधं. ग्रंथालयाच्या यादीत एकच वेब-पत्ता कोणी मोठ्या अक्षरांत, कोणी शेवटी तिरकी रेघ मारून, असा अनेकदा लिहिलेला. इल्वाच्या प्रोग्रॅमने सगळे एका साच्यात बसवायचे आणि जुळतील त्यांतला एक ठेवून बाकीचे उडवायचे. ही जुळणी तपासायला तिने चाचणीही लिहिली होती.

"रेघ असलेला आणि नसलेला पत्ता एकच, हे कशावरून ठरवलंस?" सिक्स्टनने विचारलं.

"अरे, दोन्हीकडून तेच पान उघडतं!"

"ते तुझं मत झालं. बाकीच्यांचं काय?"

झालं! स्वीडनमध्ये हा प्रश्न तोंडातून निघाला की ब्रह्मदेव आला तरी बैठक टळत नाही. कॉफी आली, दालचिनीचे बन आले. विरोध करणं असभ्य, म्हणून सगळे नुसतेच "हं" म्हणाले, आणि प्रत्येकाच्या "हं"चा अर्थ लावण्यात दुपार गेली. अखेर एकमत झालं. मंजूर!

उठता उठता इल्वाने चाचणीत गंमत म्हणून दोन पत्ते टाकले: एक कर खात्याचा, दुसरा कुत्र्यांचे केस कापणाऱ्या दुकानाचा. हिरवा दिवा लागला. जुळले! तिचा साचा शेवटच्या रेघेऐवजी पहिल्याच, म्हणजे 'https:'ला चिकटलेल्या, रेघेपासून पुढचं सगळं छाटत होता.

"सिक्स्टन, घोळ झालाय! जगातले सगळे पत्ते एकच ठरतायत. वेगळे पत्ते वेगळे निघतात का, हे कोणी बघितलंच नाही. मीही नाही आणि तूही नाहीस!"

सिक्स्टन जाकीट चढवत होता. "हा मुद्दा चर्चेत होता?"

"नव्हता."

"मग पुन्हा सगळ्यांना बोलवावं लागेल. सगळे तर गेले. ऑगस्टमध्ये बघू."

"अरे, मंजूर झालेला प्रोग्रॅम आज रात्री आपोआप चालेल, तोवर यादी उडेल ना!"

"मग तू एकटीनेच ठरव," तो म्हणाला. चोरी कर म्हणावं, तसा त्याचा सूर होता.

एकटीने ठरवायचं? छे! तिने साहेबीणबाई गुनेलला फोन लावला. 'मी सुट्टीवर आहे,' यंत्राने गोड आवाजात सांगितलं. बिचारी धावत बोटीवर गेली. महिनाभर तिला धड झोप लागली नाही.

ऑगस्टमध्ये गुनेलने स्वीडनमध्ये आनंदाच्या प्रसंगी आणतात तो हिरवागार केक आणला. "शाब्बास! दुबार आलेला एकही पत्ता उरला नाही. आणि महिनाभरात एक तक्रार नाही!"

"कशी येणार? अख्खा देश सुट्टीवर होता," इल्वा रडवेली होऊन म्हणाली. "गुनेल, यादीत एकच पत्ता उरलाय गं."

गुनेलने सुरी खाली ठेवली.

"तो ठेवायचा की काढायचा," ती म्हणाली, "यावर आधी सगळ्यांचं म्हणणं ऐकू या."

इल्वाने खुर्ची ओढली.